ख्रिस्ती क्षमेचा हिशेब

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया ही ४१ वर्षांची केरळी धर्मभगिनी बसली होती. उदयनगर भागातल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायचं, त्यांना एकत्र आणायचं, त्यांच्या हक्काच्या योजना त्यांच्यापर्यंत पोचवायच्या, असं तिचं काम चाले. साहजिकच काही बड्या मंडळींच्या पोटात दुखू लागलं होतं. वाटेत समुंदर सिंग नावाच्या तरुणाने बसमध्येच तिच्यावर चाकूचे वार केले, तिला खाली ओढलं आणि ती गतप्राण होईपर्यंत तो वार करत राहिला. तिच्या अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. समुंदर सिंगला जन्मठेप झाली.

राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हीसुद्धा तिच्याच धर्मसंघातली धर्मभगिनी. २००२ च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समुंदर सिंगच्या मनगटावर राखी बांधली. पुढे राणी मारियाची वृद्ध आई केरळहून आली, त्याला भेटली आणि ज्या हातांनी लेकीचा जीव घेतला त्या हातांचं तिने चुंबन घेतलं. या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या आणि २००६ मध्ये, अकरा वर्षांच्या शिक्षेनंतर, तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केलं, तेव्हा तो त्या सोहळ्याला हजर होता.

ही हकिकत ऐकून काहींना त्या मायलेकींच्या मनाचा मोठेपणा दिसतो, तर काहींच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो, की खुन्याला राखी बांधायची तर न्यायाचं काय? हा प्रश्न अवघड आहे आणि तो ख्रिस्ती धर्मविचाराला नवा नाही. क्षमा कोणाला करायची, कितीदा करायची, समोरच्याने मागितली नाही तरी करायची का, केली म्हणजे शिक्षा माफ होते का, यावर तिथे दोन हजार वर्षं खल चालू आहे. त्यातून हाती आलेली शिकवण आपण समजतो तितकी भाबडी नाही.

सहा कोटी दिवसांची मजुरी

मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, पेत्र हा शिष्य येशूला विचारतो की भावाला कितीदा क्षमा करू, सात वेळा करू का? विचारताना सात हा आकडा आपण सढळ हाताने सांगितला असं त्याला वाटलं असणार. येशू त्याला त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतो. काही भाषांतरांत तो सत्तर गुणिले सात आहे, काहींत सत्त्याहत्तर. ऐकणाऱ्या यहुदी माणसाला इथे जुन्या करारातला लामेख आठवला असेल. लामेखाने आपल्या बायकांपुढे फुशारकी मारली होती, की माझ्या वाटेला जाणाऱ्याचा सूड सत्त्याहत्तर पटींनी उगवला जाईल. सुडाच्या त्या आकड्यालाच येशूने क्षमेचा आकडा करून टाकलं.

त्यापुढे तो एक दाखला सांगतो. एका चाकराकडे राजाचं दहा हजार तालांत कर्ज थकलेलं असतं. चाकर पाया पडतो, राजाला दया येते आणि सगळं कर्ज माफ होतं. बाहेर पडताच त्याला त्याचा एक सोबती भेटतो. त्या सोबत्याने याच्याकडून शंभर दिनार घेतलेले असतात. हा त्याची मानगूट धरतो आणि त्याला तुरुंगात डांबतो. बातमी राजाच्या कानावर जाते आणि दिलेली माफी राजा मागे घेतो.

यातले आकडे आपण सहसा वाचून सोडून देतो. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांतात साधारण सहा हजार दिनार. म्हणजे पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी ते फेडायला दोन लाख वर्षं लागतील. योसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवल्याप्रमाणे गालीलवर राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपासाचं वर्षाचं उत्पन्न २०० तालांत होतं. त्या हिशेबाने अख्ख्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल एका चाकराच्या डोक्यावर होता. आज रोजची मजुरी ५०० रुपये धरली, तर पहिलं कर्ज ३,००० कोटींचं आणि दुसरं ५०,००० रुपयांचं होतं.

दुसऱ्या आकड्याकडेही नीट पाहायला हवं. हातावर पोट असलेल्या माणसाला पन्नास हजार ही काही किरकोळ रक्कम नाही, त्याच्या तीन-चार महिन्यांच्या घामाची ती कमाई आहे. ‘जाऊ दे, एवढं काय त्यात’ असं येशू म्हणत नाही. तुझं नुकसान झालं आहे आणि ते खरं आहे, हे दाखल्यात गृहीत धरलेलं आहे. त्याचबरोबर तुझ्या नावावरची केवढी बाकी पुसली गेली तेही विसरू नकोस, असं तो सांगतो. ख्रिस्ती क्षमेची सगळी इमारत या एका तुलनेवर उभी आहे. ख्रिस्ती माणूस क्षमा करतो तो आपलं मन मोठं आहे म्हणून करत नाही, आपल्याला आधी क्षमा मिळाली आहे म्हणून करतो. येशूने शिकवलेली जी प्रार्थना जगभरचे ख्रिस्ती लोक रोज म्हणतात, तिच्यातही देवाकडे मागायची क्षमा आणि आपण इतरांना द्यायची क्षमा एकाच वाक्यात गुंफलेली आहे.

पैशाच्या भाषेमुळे आणखी एक गोष्ट उघड होते. बुडीत खात्यात टाकलेली रक्कम हवेत विरत नाही, ती देणाऱ्याच्या तिजोरीतून जाते. कर्ज माफ करणारा ते स्वतः सोसतो. क्रूसावरच्या मरणाचा अर्थ ख्रिस्ती लोक याच दिशेने लावतात, की माणसाच्या अपराधाचा भार देवाने स्वतःवर घेतला. तो कसा घेतला, का घ्यावा लागला, यावर अँसेल्मसारख्या विचारवंतांनी ग्रंथ लिहिले आणि मतभेद आजही आहेत. पण क्षमा फुकट होत नसते, तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

योसेफाने घाई केली नाही

नवा करार वाचताना एक विसंगती जाणवते. मार्कच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा मनात कोणाविषयी काही असेल तर त्याला क्षमा करा. समोरच्याने माफी मागितली की नाही याचा तिथे उल्लेखही नाही. लूकच्या शुभवर्तमानात मात्र क्रम वेगळा आहे. तिथे भावाने अपराध केला तर आधी त्याला समज द्यायची आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा करायची. मग अट आहे की नाही?

अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी याची उकल अशी केली आहे. मनातला सूड सोडणं ही एक गोष्ट आणि तुटलेलं नातं पुन्हा जोडणं ही दुसरी. पहिली एकट्याला करता येते आणि तिला अट नाही. दुसरीला दोन माणसं लागतात, त्यामुळे पश्चात्तापाशिवाय ती होत नाही. पहिलीला क्षमा म्हणावं, दुसरीला समेट.

उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची कथा या फरकाचं सुरेख उदाहरण आहे. सतरा वर्षांच्या योसेफाला त्याचे भाऊ वीस रुप्यांना व्यापाऱ्यांच्या हवाली करतात. विकण्याची कल्पना यहूदा या भावाची. गुलामी आणि तुरुंगवास भोगून योसेफ पुढे मिसरचा प्रधान होतो. दुष्काळ पडतो आणि तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात उभे राहतात. तो त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. त्या वेळी गळ्यात पडून ‘मी तुम्हाला क्षमा केली’ असं तो म्हणत नाही. दुभाष्यामार्फत बोलतो, त्यांच्यावर हेरगिरीचा आळ घेतो, तीन दिवस त्यांना कोठडीत ठेवतो. आपण भावाशी दुष्टपणे वागलो म्हणून हे भोगतोय, असं ते आपसात बोलतात. ते ऐकून तो बाजूला जाऊन रडतो, पण परत येऊन त्यांच्यातल्या शिमोनाला ओलीस ठेवून घेतो.

पुढच्या खेपेला तो धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवायला लावतो आणि चोरीच्या आरोपावरून त्याला गुलाम म्हणून ठेवून घ्यायची भाषा करतो. भावांना आता नेमकी जुनीच संधी मिळालेली आहे. बापाचा लाडका मुलगा परक्या देशात सोडायचा आणि आपण मोकळं व्हायचं. अशा वेळी यहूदा पुढे येतो. एकाला विकणारा तोच यहूदा आता म्हणतो की या पोराच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा. त्यानंतर मात्र योसेफाला राहवत नाही. तो सगळ्या नोकरांना बाहेर घालवतो आणि भावांना आपली ओळख देतो.

योसेफाचं रडू पहिल्याच भेटीत आलं होतं, ओळख मात्र त्याने शेवटी दिली. मन आधी निवळलं, भरवसा उशिरा बसला आणि तोही भाऊ खरोखर बदललेत याची खूण पटल्यावर. कथा इथेही संपत नाही. बाप वारल्यावर भावांना धास्ती वाटते की आता हा सूड उगवणार. वर्षानुवर्षं सुखाने सांभाळूनही त्यांना हे वाटावं, याचं योसेफाला रडू येतं. मिळालेल्या क्षमेवर विश्वास ठेवणं हेही क्षमा करण्याइतकंच जड जातं, एवढी बारीक गोष्ट त्या जुन्या कथाकाराच्या नजरेतून सुटलेली नाही.

चारचौघांतल्या प्रायश्चित्तापासून जाळीच्या खिडकीपर्यंत

क्षमेचा पहिला मोठा कस चर्चला इसवी सन २५० च्या सुमाराला लागला. रोमन सम्राट डेसियस याने सर्वांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असं फर्मान काढलं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. काहींनी नकार दिला आणि छळ सोसला. वादळ ओसरल्यावर दाखला घेणारे परत चर्चच्या दारात आले. रोममधला नोव्हेशियन म्हणाला की यांना क्षमा करण्याचा अधिकार चर्चला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने वेगळी वाट धरली. दार बंद करायचं नाही, पण लगेच सताड उघडायचंही नाही. ज्याचा जसा अपराध तसं दीर्घ प्रायश्चित्त घ्यायचं आणि मग आत घ्यायचं. चर्चने पुढे सिप्रियनचीच बाजू उचलून धरली.

त्या काळी प्रायश्चित्त चारचौघांत होई आणि मोठ्या अपराधासाठी ते आयुष्यात एकदाच मिळे. एका धर्मगुरूपुढे खासगीत आणि पुन्हा पुन्हा पाप कबूल करण्याची रीत सहाव्या-सातव्या शतकात आयरिश मठवासीयांनी युरोपभर नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणं प्रत्येकाला बंधनकारक केलं.

आजही वसई, मुंबई, गोव्यातल्या चर्चमध्ये नाताळाच्या आणि ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला रांग लागते. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. लाकडी कक्षात धर्मगुरू बसलेले असतात, जाळीच्या पलीकडे माणूस गुडघे टेकतो. मागचं पापनिवेदन कधी केलं ते सांगतो, मग हातून काय काय घडलं ते सांगतो. ‘माझं चुकलं’ असं मोघम म्हणून भागत नाही, काय चुकलं ते सांगावं लागतं. धर्मगुरू दोन शब्द समजुतीचे सांगतात, एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य प्रायश्चित्त म्हणून देतात, माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि धर्मगुरू देवाच्या नावाने क्षमा उच्चारतात. ऐकलेलं कोणालाही सांगायची त्यांना सक्त मनाई असते. फोडलं तर थेट बहिष्काराची शिक्षा आहे.

या विधीचा एक भाग बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. चोरी केली असेल, कोणाचे पैसे बुडवले असतील, खोटं बोलून एखाद्याची बदनामी केली असेल, तर नुसती प्रार्थना पुरत नाही. शक्य असेल तितकं भरून द्यावं लागतं. परत करता येण्यासारखं असूनही जो हडपलेलं ठेवून घेतो त्याचा पश्चात्ताप खरा नाही, असं ऑगस्टीनने पाचव्या शतकातच बजावलं होतं. त्याला आधार लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयचा. हा जकातदार येशू घरी आल्यावर उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो.

या विधीत बाजारही शिरला. सोळाव्या शतकाच्या आधीपासूनच प्रायश्चित्तातून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात होती आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पश्चात्ताप हा एखाद्या दिवसाचा विधी नसून ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, हा त्यातला पहिला मुद्दा. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी धर्मगुरूपुढचं खासगी पापनिवेदन बाजूला ठेवलं. तिथे उपासनेत सगळे मिळून पापांगीकार करतात आणि व्यक्ती थेट देवाकडे क्षमा मागते. रीत बदलली तरी पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई हे तिचे तीन पाय दोन्हीकडे शाबूत राहिले.

घरातली क्षमा

खून, छळ, धर्मद्रोह असे प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत. आपल्या वाट्याला येतात ते बांधाचे तंटे, वाटणीवरून धरलेला अबोला, सुनेला लागलेला टोमणा, लग्नात राहिलेला मानपान. अशा भांडणांसाठी मत्तयच्या शुभवर्तमानात दोन सूचना आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिली अपराध करणाऱ्याला उद्देशून आहे. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ऐकणारे लोक गालीलचे, वेदी यरुशलेमला. मधली वाट पायी तीन-चार दिवसांची. म्हणजे यात्रा अर्धवट सोडून घरी जायचं आणि पुन्हा यायचं. दुसरी सूचना दुखावलेल्याला आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. आधी गावभर करायचं आणि त्याला शेवटी कळवायचं, ही आपली नेहमीची रीत इथे उलटी केली आहे. शिवाय ‘त्याने आधी यावं’ ही सबब दोघांनाही उरत नाही, कारण निघायला दोघांनाही सांगितलं आहे.

कॅथलिक मिस्सामध्ये याचीच एक छोटी तालीम असते. प्रभूची प्रार्थना झाल्यावर आणि ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी लोक शेजारच्यांकडे वळून एकमेकांना शांतीची खूण करतात. आपल्याकडे बहुधा हात जोडून. वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये वाडीच्या वाटणीवरून कोर्टात गेलेला चुलतभाऊ मागच्याच बाकावर असतो. त्याच्याकडे वळायचं की नाही, हे ठरवायला चार-पाच सेकंद मिळतात. काही जण वळतात, काही जण वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजूच्या बाकाकडे बघून हात जोडतात.

मराठी ख्रिस्ती इतिहासात नात्याच्या दुरुस्तीची सर्वांत प्रामाणिक नोंद लक्ष्मीबाई टिळकांची आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या त्यासुद्धा आपलं सोवळंओवळं सांभाळून. नवऱ्याचं मत त्यांना पटलेलं नव्हतं, नवऱ्याजवळ राहणं मात्र पटलेलं होतं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आपल्या विचाराने, आपल्या वेळेला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात टिळकांचा संताप, विक्षिप्तपणा, संसाराची हेळसांड काहीच त्यांनी झाकलेलं नाही आणि तरीही त्या पुस्तकात कडवटपणा नाही. क्षमा केली म्हणजे घडलेलं विसरलं पाहिजे, या समजाला याहून चांगलं उत्तर मराठीत सापडणार नाही. सगळं लख्ख आठवत असतानाही त्यांनी तक्रारीचं ओझं खाली ठेवलं होतं.

मनाने उशिरा यावं, चालतं

‘क्षमा केली म्हणतो, पण तो समोर आला की अजून डोकं भणभणतं’ अशी कबुली अनेक भाविक देतात आणि आपली क्षमा खोटी आहे असं समजून स्वतःला बोल लावतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्थिंग्टन यांनी इथे उपयोगी फरक केला आहे. क्षमेचा निर्णय वेगळा आणि क्षमेची भावना वेगळी. मी सूड घेणार नाही, त्याला माणूस म्हणूनच वागवीन, हा निर्णय आज घेता येतो. राग निवळायला महिने, वर्षं लागतात. वर्थिंग्टन स्वतः ख्रिस्ती आहेत आणि क्षमेवर संशोधन करत असतानाच, १९९५ च्या शेवटच्या रात्री, घरात घुसलेल्या चोराने त्यांच्या आईचा खून केला. त्यांचा शब्द पुस्तकी नाही तो त्यामुळेच.

सेल्मी पॉलनेही राखी बांधली ती खुनानंतर सात वर्षांनी. मधली सात वर्षं आपण हकिकत सांगताना गाळून टाकतो आणि क्षमा म्हणजे एका क्षणात होणारा चमत्कार आहे असा समज करून घेतो.

क्षमेचा गैरवापर

आता न्यायाकडे येऊ. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, जीपमध्ये झोपलेली असताना जमावाने ती जीप पेटवून दिली. तिघेही जळून मेले. स्टेन्स बारीपदाला कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. त्यांची पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि त्या तिथेच राहून कुष्ठरुग्णांचं काम पाहू लागल्या. खटला मात्र आपल्या गतीने चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आगजाला क्षमा केली आणि डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेटही घेतली. तो इटलीच्या तुरुंगातून सुटला २००० मध्ये.

बळी पडलेला माणूस आपला सूड सोडू शकतो. समाजाच्या वतीने शिक्षा ठरवणं हे त्याचं काम नाही आणि त्याच्या क्षमेने ते काम थांबतही नाही. ख्रिस्ती शिकवणीत हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तरीही प्रत्यक्षात त्यांची गल्लत केली जाते आणि ती बहुधा सबळाच्या सोयीने केली जाते. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ‘क्षमा कर, प्रार्थना कर, नांदायला जा’ असं सांगणारे नातेवाईक आणि पाळक आहेत. जगभरच्या चर्चमध्ये मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्यांना पश्चात्ताप झाला म्हणून नुसतं दुसऱ्या गावी बदललं गेलं आणि पीडित मुलांच्या घरच्यांना क्षमेचे पाठ ऐकवले गेले, हे अनेक देशांतल्या चौकश्यांतून सिद्ध झालं आहे. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन घातलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. तक्रार नोंदवल्याने क्षमेचा भंग होत नाही आणि क्षमा केल्याने पुन्हा त्याच छताखाली राहायची सक्ती होत नाही.

जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये या रोगाला ‘स्वस्त कृपा’ असं नाव दिलं होतं. पश्चात्ताप नको, बदल नको, फक्त माफीचा शिक्का हवा, अशी ती कृपा. नाझी राजवटीपुढे मुकाट राहिलेल्या चर्चवर त्याचा रोख होता. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फासावर चढवलं.

इतरांना क्षमा शिकवणाऱ्या संस्थेवर स्वतः क्षमा मागण्याची वेळ येते, तेव्हा तिचा खरा कस लागतो. १२ मार्च २००० रोजी रोममध्ये जॉन पॉल यांनी चर्चच्या लेकरांनी शतकानुशतकं केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. त्यात सत्याच्या नावाखाली वापरलेल्या असहिष्णू मार्गांचाही उल्लेख होता. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चाललं, हे आठवलं की असा कबुलीजबाब आपल्यापासून किती जवळचा आहे हे लक्षात येतं. जक्कयच्या मापाने मोजायचं तर कबुली ही सुरुवात झाली. भरपाईचा प्रश्न मोकळाच आहे.

म्हणून दुखावलेल्या माणसापुढे शास्त्रातलं वचन काढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. जे घडलं ते करणाऱ्याने कबूल केलं आहे का? झालेलं नुकसान कोण भरून देणार? आणि ही व्यक्ती आज सुरक्षित आहे का? उत्तरं मिळेपर्यंत क्षमेची घाई तिला करू नये, तो तिचा आणि तिच्या देवाचा प्रश्न आहे. अपराध आपल्याच हातून घडला असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. जाऊन भेटावं, काय चुकलं ते नाव घेऊन सांगावं, घेतलेलं परत करावं. क्षमा मिळेल किंवा मिळणार नाही. तिच्यावर आपला हक्क नसतो.